महाबळेश्वरला नेलेलं बहुमत

लोकशाही ही माणसाने हजारो वर्षं झगडून मिळवलेली सर्वात मोलाची गोष्ट आहे. आमच्या गावात ती एका गुरुवारी दुपारी जीपमधून आली. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. गावातली झाडून सगळी माणसं रानात गेलती, घरी तेवढे आताच्या सरपंचांचे, राधाकिशनरावांचे, आजोबा होते, म्हणून साहेबांनी ती त्यांच्याच हवाली केली. तेव्हापासून ती त्या घरात आहे.

आजोबा आधी पाटील होते, नंतर सरपंच झाले. आधी लोक त्यांच्या दारात चपला काढून उभे राहायचे. आता पाच वर्षांतून एक दिवस ते लोकांच्या दारात उभे राहू लागले. हा बदल लहान नाही असं मला परळीच्या कॉलेजात शिकवलं होतं, आणि माझं अजूनही तेच मत आहे.

पुढं कायद्याने निम्म्या जागा बायकांना दिल्या. गावाने तो कायदा मनापासून पाळला. सरपंच धरून नऊ सदस्यांत पाच बाया निवडून आल्या आणि त्यांचे नवरे सभेला जाऊ लागले. सभा झाली की ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा, बाया कणकेचा हात पदराला पुसून सही करायच्या. गावात रामेश्वरला ‘मेंबर’ म्हणत. त्याच्या बायकोला, सत्यशीलाबाईला, ‘मेंबरची बायको’ म्हणत. मतपत्रिकेवर नाव सत्यशीलाबाईचं होतं, पण मतपत्रिका रोज कोण वाचतं?

सत्यशीलाबाईला राजकारणातलं एकच काम होतं. तिची आरोही सिरसाळ्याला बारावीत शिकते. संध्याकाळची एसटी तिला फाट्यावर सोडते. तिथून घरापर्यंत अर्धा किलोमीटर तुरीतून वाट, आणि हिवाळ्यात सहालाच अंधार. दोन वर्षं सत्यशीलाबाई रोज बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहत होती. फाट्यावर मोठा दिवा मंजूर झाला तेव्हा तिने ती सही वाचून केली होती. दिवा आला. खांब उभा राहिला तो राधाकिशनरावांच्या ओट्यासमोर, कारण गावाचा मध्य तिथं येतो असं मोजणीत निघालं.

तिने रामेश्वरला सभेत विषय काढायला सांगितलं. रामेश्वरने तो दोनदा काढला, दोन्ही वेळा सभा संपल्यावर, चहा पिताना.

दिव्याचं दुःख आणखी एकाला होतं. किराणा दुकानदार रुद्रप्पा हेही सदस्य. गावाचा मध्य आपल्या दुकानासमोर येतो असं त्यांचं म्हणणं होतं. यावर पुष्कळ विचार करून त्यांनी सरपंचांवर अविश्वास ठराव आणला. नवातली सात मतं लागत होती. स्वतः रुद्रप्पा, दोन पुरुष सदस्य आणि चार बाया मिळून सात भरत होती. राधाकिशनरावांकडे उरली त्यांची भावजय आणि ते स्वतः. नोटिशीवर सह्या झाल्या. चारही बायांनी कणकेचा हात पुसून केल्या.

आता अविश्वास म्हटला की सहल आली. सदस्य गावात मोकळे ठेवले तर फुटतात, म्हणून मतदानापर्यंत त्यांना गाडीत घालून लांब थंड हवेत ठेवायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे. रुद्रप्पांनी कशात कसूर केली नाही. शुक्रवारी पहाटे दोन गाड्या महाबळेश्वरला निघाल्या. राधाकिशनरावांच्या माणसांचे फोन येऊ नयेत म्हणून रुद्रप्पांनी सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका पिशवीत घातले आणि ती पिशवी उशाला घेतली. गाड्यांत रुद्रप्पा होते, दोन पुरुष सदस्य होते, आणि चार मेंबर होते: रामेश्वर, बायनाबाईचे हरिबा आणि आणखी दोन नवरे.

इतकी शिस्तीत झालेली चूक मी दुसरी पाहिलेली नाही.

शनिवारी सत्यशीलाबाई बायनाबाईकडे विरजण मागायला गेली. बायनाबाई साठीच्या, शाळेची पायरी न चढलेल्या, पण हिशोबाला पक्क्या. बोलता बोलता कोण कुठं गेलंय हा विषय निघाला. बायनाबाई बोटांवर माणसं मोजत म्हणाल्या, “सत्यशीला, हे समदे गेलेत खरं. पर मतं तर घरीच ठिवून गेलेत की.”

दुपारी उरलेल्या दोघींना बोलावणं गेलं. ग्रामपंचायतीच्या इतिहासात निवडून आलेल्या बायांची एवढी मोठी बैठक त्याआधी झालेली नव्हती. ती बायनाबाईच्या गोठ्यापुढं झाली. रुद्रप्पांकडे मागणं न्यावं तर ते गावात नव्हते. राहिले राधाकिशनराव.

राधाकिशनराव ओट्यावर बसले होते. तीन पिढ्यांची खुर्ची मंगळवारी जाणार, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. चार बाया येताना पाहून त्यांना वाटलं, भेटायला आल्या. त्यांनी घरात चहा सांगितला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची दया आली, कारण चहा सांगताना त्यांचा आवाज सरपंचासारखा नव्हता.

सत्यशीलाबाईने दिव्याचं सांगितलं. फाट्यावर नेला तर ठरावाच्या विरोधात चार मतं. आधी दिवा, मग मतं.

राधाकिशनरावांनी सगळं नीट ऐकलं आणि सवयीने म्हणाले, “बरं. तुमच्या मालकाला इचारून सांगा.”

“त्यांचा फोन बंद हाय,” सत्यशीलाबाई म्हणाली. “आमालाच इचारा.”

असं त्या ओट्यावर कुणी बोललं नव्हतं. राधाकिशनरावांनी हनुमानाच्या देवळाकडे पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं. नंतर परळीला फोन लावून क्रेन मागवली. जागा ठरवायला ज्या गावाला दोन वर्षं लागली होती, तिथं सोमवारी संध्याकाळपर्यंत खांब फाट्यावर उभा राहिला आणि दिवा लागलासुद्धा. आरोही एसटीतून उतरली तेव्हा आई बॅटरी घेऊन उभी होतीच. बॅटरी मात्र बंद होती.

मंगळवारी अकराला सभा. तहसीलदार नवे होते आणि नियमांचं पुस्तक सोबत घेऊन आले होते. रुद्रप्पांच्या गाड्या वेळेवर पोचल्या. सगळे कानटोप्या घालून, हातात स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन उतरले. रामेश्वर नेहमीच्या खुर्चीकडे निघाला तर तीत त्याची बायको बसलेली. तहसीलदारांनी विचारलं, आपण सदस्य का? रामेश्वर म्हणाला, तसं धरूनच चाला. तहसीलदारांनी पुस्तकात पाहिलं आणि चौघांना बाहेर जायला सांगितलं.

ते खिडकीला जाऊन उभे राहिले. हरिबांनी आतल्या बायनाबाईला हात वर करून दाखवला, म्हणजे असा हात वर करायचा. बायनाबाईने त्यांना रामराम केला.

तहसीलदार हात वर करायला सांगणार एवढ्यात सत्यशीलाबाई उठली. तिने शनिवार-रविवारी ग्रामसेवकाकडून कायदा वाचायला आणला होता.

“साहेब, एकानं जरी मागितलं तर चिठ्ठीवर मतदान घ्यावं लागतं. मी मागते.”

पुस्तकात तसं होतं. खिडकीतले चार चेहरे उतरले. रुद्रप्पांनी रामेश्वरकडे पाहिलं. राधाकिशनरावांचा चेहरा तर सगळ्यात जास्त उतरला. दिवा आता फाट्यावर होता, क्रेन परत गेली होती, आणि या चिठ्ठीत काय लिहायचं हे बायांना सांगणारं कुणीच नव्हतं. बायनाबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून फुली आणि बरोबर अशा दोन खुणा ठरल्या. त्यांनी चिठ्ठीवर हाताचा आडोसा धरला, शेजारी कुणी नसताना.

मोजणीत ठरावाच्या बाजूने तीन, विरोधात सहा. ठराव फेटाळला गेला. राधाकिशनरावांनी पाणी मागितलं.

घरी जाताना रामेश्वरने बायकोला विचारलं, तू कुणाला दिलंस?

“गुप्त असतंय ते,” सत्यशीलाबाई म्हणाली आणि त्याच्या हातातला खोका घेतला.

मग घराकडे न वळता तो फाट्याकडे निघाला. फाट्यावर आल्यावर वर पाहत म्हणाला, “उजेड लई पडत असंल न्हाई इथं?” ती हो म्हणाली. त्या दिवसापासून आरोहीला घ्यायला फाट्यावर कुणाला जावं लागत नाही. तरी कधीमधी रामेश्वर जाऊन उभा राहतो.

पुढच्या महिन्यात दिव्याचं उद्‌घाटन झालं. खांबाला काळ्या दगडाची पाटी बसवली आहे. तिच्यावर वर राधाकिशनरावांचं नाव आहे, आणि खाली ‘सन्माननीय सदस्य’ म्हणून चारही नवऱ्यांची.