देवमाशासाठी उगारलेला भाला

मी परत आलो त्या दिवशी किनाऱ्यावर बायका गाबोळी वाळत घालत होत्या. हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात बुडवून ठेवल्या की हेरिंग मासे त्यांवर अंडी घालून जातात. पांढऱ्या झालेल्या त्या फांद्या दोऱ्यांवर टांगता टांगता थट्टा चालली होती. एकीने दुसरीला म्हटलं, तुझा नवरा जेवायला बसला की सीलसुद्धा लाजतात. दुसरी म्हणाली, लाजू देत, तुझ्या नवऱ्यासारखा घोरून त्यांना पळवून तर लावत नाही.

मग होडी दिसली आणि त्या थांबल्या. आठ जण गेले होते. तिघेच वल्ही मारत होते. मधे मी उभा होतो, नातुकने गुडघ्यांत धरलेला. माझं पातं जसंच्या तसं होतं.

माझ्यासारखा भाला शाबूत पात्याने दोनच कारणांनी परत येतो. देवमासा दिसला नाही तर, किंवा मारणारा उरला नाही तर. देवमासा दिसला नसेल तर मला होडीच्या तळाशी आडवा ठेवतात, उभा धरत नाहीत. बायकांना ते माहीत होतं. एकीच्या हातातली फांदी पाण्यात पडली, ती तिने उचलली नाही.

हा देवमाशाचा भाला तुमच्याशी बोलतोय. मला घडवलं क्वाविशच्या बापाने. डोंगरातल्या लाल गाभ्याच्या चिवट लाकडाचे दोन तुकडे त्याने एकाला एक जोडले, तेव्हा मी तीन पुरुष लांब झालो. टोकाला मोठ्या काळ्या शिंपल्याचं पातं, त्याला हरणाच्या शिंगाचे दोन आकडे, वरून राळ. म्हाताऱ्याच्या हातून मी पाच देवमासे मारले, क्वाविशच्या हातून चार. क्वाविश शिकारीआधी एक चांद्रमास रोज पहाटे थंड तळ्यात उतरायचा आणि काटेरी फांद्यांनी अंग घासायचा. त्याचे तळवे नेहमी गार असायचे. त्या गार तळव्यांची मला सवय झाली होती.

शिकारीचं निम्मं काम समुद्रावर होतं, निम्मं घरात. नवरा देवमाशामागे गेला की त्याची बायको नव्या चटईवर निजते. खात नाही, पीत नाही, कूस बदलत नाही. ती जशी निपचित पडेल तसा देवमासा पडून राहतो. ती हलली तर तो उधळतो. क्वाविशची बायको हूमिस एकदा त्याला म्हणाली होती, "तुम्ही तिकडे वारा खाता. इथे माझ्या नाकावर माशी बसते. खरी शिकार कोण करतं?" तो म्हणाला होता, पुढच्या खेपेला आधी माशीलाच भाला मारतो. दोघं बराच वेळ हसत होती. मी वर आढ्याला होतो, मी ऐकलं.

त्या सकाळी देवमासा आमच्या उजव्या हाताला वर आला. त्याला डाव्या कुशीतच मारायचं असतं, तेही तो श्वास सोडून बुडायला लागला की. आधी नाही, नंतर नाही. होडी त्याच्या डाव्या अंगाला लागली. क्वाविश पुढच्या टोकावर उभा राहिला आणि त्याने मला दोन्ही हातांनी वर उचललं.

तेवढ्यात किनाऱ्यावरच्या टेकाडामागून गलबत आलं. गलबतांतून येणाऱ्यांना आमच्याकडे तरंगत्या घरांचे लोक म्हणतात. देवमाशाच्या पलीकडे ते इतकं जवळ आलं की कठड्याशी उभा असलेला माणूस मला दिसला. तांबडी दाढी, निळा कोट, डोळ्याला लांब नळी. त्या नळीतून त्याला भाला उगारलेला माणूस दिसला. पाण्यातला देवमासा दिसला नाही. आदल्या दिवशी दुसऱ्याच कुठल्या खाडीत कोणीतरी त्यांची लहान होडी पळवली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

तोफेचा एकच आवाज झाला. क्वाविश माझ्यावर पडला, त्याच्यामागे आणखी तिघे पडले. मला सोडताना त्याचे तळवे गरम होते.

हे मला कधी विसरता आलेलं नाही. मी उगारलेला होतो म्हणून तो मेला. मला उगारलं नसतं तर तो वाचला असता आणि गलबत पुढे निघून गेलं असतं.

घरात हूमिसच्या सासूने, त्लासीने, पहिला प्रश्न आपल्या धाकट्या मुलाला, नातुकला, विचारलाच नाही. तिने सुनेकडे पाहिलं. आवाज आला तेव्हा हूमिस चटईवर उठून बसली होती आणि त्लासीने ते पाहिलं होतं. नातुकने सगळं सांगितलं. गलबत, नळी, तोफ. त्लासीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी तोफ, की आधी ही उठली?"

घरात काय झालं ते नातुकने पाहिलेलं नव्हतं. तो तर समुद्रावर होता.

"मी आवाजाने उठले, आत्याबाई," हूमिस म्हणाली.

"आवाजाने उठलीस की उठलीस म्हणून आवाज झाला?"

त्यानंतर त्लासीने हा विषय पुन्हा काढला नाही. ती सुनेला जेवायला वाढायची, तिच्या दुखवट्यात कापलेल्या केसांना तेल लावायची, पण तिच्या डोळ्यांत बघायची नाही. गावातल्या बायका हूमिसशी नेहमीसारख्या बोलायच्या, फक्त आपल्या नवऱ्याच्या होडीजवळ तिला येऊ द्यायच्या नाहीत. हूमिस चुलीशी क्वाविशची जागा मोकळी सोडून बसायची. रोज सकाळी माझ्यावर हात ठेवायची. तिचा हातही आता गार असायचा.

उन्हाळा संपत आला तेव्हा तिने नातुकला विचारलं, "भावजी, तो माणूस परत येईल?"

"येईल. ऊदमांजरांची कातडी कितीही नेली तरी त्यांना पुरत नाहीत."

"मग मी निजेन. तुम्ही मारा. देवमाशासारखाच मारा."

नातुक म्हणाला, माणसासाठी कोणी निजत नाही, वहिनी. ती म्हणाली, मग मी पहिली. मग आवाज खाली आणून तिने खरी गोष्ट सांगितली. "मी निजले आणि तो निपचित पडला, तर माझ्या निजण्यात जोर आहे. मग त्या दिवशी मीच तुमच्या भावाला मारलं. आत्याबाई म्हणतात ते मी कबूल करीन आणि कबूल करून जगेन. पण तो मेलेला असेल. आणि मी हलले नाही तरी तो उठला, तर—"

नातुकने मला आढ्यावरून खाली घेतलं आणि माझ्या पात्याची राळ नवी केली.

मला तिच्या कबुलीशी काही देणंघेणं नव्हतं, हे मी लपवत नाही. मला तांबडी दाढी हवी होती. हिवाळाभर मी तेवढंच मनात धरून होतो. नऊ देवमासे मी मारले, पण एकावरही माझा राग नव्हता. राग काय असतो ते मला त्या हिवाळ्यात कळलं. तो चांगला लागतो.

गलबत पुढच्या वसंतात आलं. कप्तान तोच होता, तांबड्या दाढीचा. गेल्या वर्षीची आमची होडी त्याला आठवत असल्याचं काही दिसलं नाही. गावचा म्होरक्या आयशूक नातुकचा काका. त्याला बेत ठाऊक होता. त्याने एकच बजावलं होतं, घाव एकच बसला पाहिजे. दुसऱ्या घावाला वेळ मिळणार नाही, दारात त्यांची बंदूकवाली माणसं असतील आणि घरात आपली पोरंबाळं. नातुक एक चांद्रमास थंड तळ्यात उतरला होता. त्यानेही काटेरी फांद्यांनी अंग घासलं होतं.

जेवायला बोलावलेला कप्तान दुपारी घरी आला. त्याला चांगल्या पेटीवर बसवलं. नातुक मला घेऊन चितारलेल्या फळ्यांच्या आडोशामागे उभा राहिला. फळ्यांमधल्या फटीतून मला सगळं दिसत होतं. पलीकडच्या खोलीत हूमिस चटईवर निजली होती आणि तिच्या उशाशी त्लासी बसली होती. "मी बघते ही हलते का," असं तीच म्हणाली होती, आणि कोणी तिला नको म्हटलं नव्हतं.

कप्तानाने वाळवलेला मासा तेलात बुडवून खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. लोक हसले, तोही हसला. मग तो गप्प झाला. हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे अर्धे मिटून तो बसून राहिला. श्वास संथ चालला होता. उन्हात पाण्यावर येऊन पडलेला देवमासा असाच असतो. तेव्हा मला वाटलं, निजण्यात जोर आहे. हूमिसला काय कबूल करावं लागेल याचा विचार मी केला नाही.

पण तो आमच्याकडे उजवी कूस करून बसला होता.

नातुक थांबला. डावी कूस वळण्याची तो वाट बघत होता. त्याच्या बापाने त्याला तसंच शिकवलं होतं, त्याच्या भावाने तसंच केलं होतं. माणसाला कुठूनही मारलं तरी तो मरतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी त्याच्या मुठीत जड झालो, पुढे ओढ घेतली. त्याने मला अधिकच घट्ट धरलं. त्या मुठीवर मी आजही रागावलेलो आहे.

दारातल्या एका माणसाने भरतीकडे बोट दाखवून काही म्हटलं. कप्तानाने जांभई दिली आणि तो उठला. सरळ फळ्यांकडे आला. त्याला चित्रं बघायची होती. बघता बघता त्याने आडोशामागे डोकावलं.

तो आणि नातुक समोरासमोर आले. माझं पातं त्याच्या छातीपासून एका हातावर होतं. कोणी हललं नाही. दारातले बंदूकवाले पुढे सरकले.

आयशूक मोठ्याने हसला. "अरे, पाहुणा स्वतःच शोधत आला की. नातुक, द्यायचा होता ना भाला भेट? मग दे. लपवून काय ठेवतोस लाजऱ्यासारखा." मग आवाज न बदलता, हसतच, "दे, पोरा. मागे पोरं बसलीत."

नातुकच्या मुठी सुटल्या. कप्तानाने मला हातात तोललं, खूश झाला आणि नातुकच्या खांद्यावर थाप मारली.

तेवढ्यात आतून त्लासी आली. पाहुण्याकडे तिने पाहिलंही नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ती हलली नाही. मी सारखी बघत होते. पापणीसुद्धा नाही."

तिच्यामागे हूमिस येऊन उभी राहिली. कप्तान उभा होता, जिवंत, त्याच्या खांद्यावर मी. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मी हलले नाही तरी तो उठला," ती म्हणाली. "मग आत्याबाई, त्या दिवशी?"

त्लासीने तोंड उघडलं. मला त्याच वेळी दारातून बाहेर नेलं. तिने काय उत्तर दिलं ते मी ऐकलेलं नाही.

कप्तानाच्या गावी त्याच्या घराचं छप्पर ठेंगणं होतं. मी मावत नव्हतो, म्हणून त्याने मला करवतीने मधोमध कापवलं. मागचा तुकडा कुठे गेला मला माहीत नाही. पात्याकडचा तुकडा त्याने आपल्या पलंगाच्या वर भिंतीतल्या दोन खुंट्यांना टांगला. आलेल्या गेलेल्याला तो सांगायचा की एका रानटी माणसाने हा भाला त्याच्यावर फेकला आणि त्याने तो हवेतच झेलला. ऐकणारे माझ्याकडे बघून मान हलवायचे. दरवर्षी त्या गोष्टीतला रानटी माणूस थोडा उंच होत गेला.

बावीस वर्षं मी त्याच्या उशाशी होतो. त्याला खोकताना ऐकलं, बायकोशी भांडताना ऐकलं, मुलगी मेली तेव्हा उशीत तोंड खुपसून रडतानाही ऐकलं. मला दया आली नाही. रस्त्यावरून जड गाडी गेली की खुंट्या थरथरायच्या. प्रत्येक वेळी मी सगळा भार पुढे टाकायचो. खुंट्या चांगल्या ठोकलेल्या होत्या.

आता मी त्याच्या नातीच्या घरात जिन्यापाशी आहे. राळ सुकून तडकली आहे, एक आकडा तुटला आहे. ती मला मऊ फडक्याने पुसते आणि कोणी आलं की आजोबांची गोष्ट सांगते. तुम्ही कधी त्या जिन्याने चढलात तर माझी घडण बघून वा म्हणू नका, हळहळूही नका. तिला एवढंच विचारा की त्या सकाळी पाण्यात देवमासा होता, हे आजोबांनी कधी सांगितलं का.

तो म्हातारा होऊन, पोट भरल्यावर, अंथरुणात झोपेत मेला. मी त्याच्यावर चार हात उंच होतो. त्याला मारायचं राहून गेलं.