हिरव्या ठिपक्याची घमेली

घमेल्यांची गोष्ट कोण वाचणार, असं मनात येतं. लिहिणं मला नीट जमतं असंही नाही. पण नेमीचंद गेल्यापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. वाशीमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि मी पंचायत समितीत भांडारपाल होतो. दुष्काळी कामांसाठी लागणारी घमेली ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याकडून घेतली जात आणि महिन्याभरात फाटत. नवे गटविकास अधिकारी म्हणाले, या वेळी दर नंतर पाहू, आधी माल वापरून पाहू. तीन दुकानदारांची दहा-दहा घमेली नावं झाकून पंधरा दिवस कामावर द्यायची आणि त्यातली कोणती घ्यावी ते मी लिहून द्यायचं, असं ठरलं.

तिघांतला एक शेलूबाजारचा नेमीचंद. माझ्याशी पुस्तकांवर बोलणारा त्या भागातला एकटा माणूस. मला तो ‘पंडित’ म्हणे, त्यात निम्मी थट्टा असे. सरकारी काम त्याला कधीच मिळालं नव्हतं. हे मिळावं म्हणून त्याचा जीव किती टांगला आहे, हे त्याने नव्हे, त्याच्या बायकोने, पानाबाईंनी, चहा देताना मला सांगितलं.

मी घमेल्यांवर लाल, निळे, हिरवे ठिपके दिले. ठिपके देणारा मीच, तेव्हा हिरवी नेमीचंदची हे मला ठाऊक होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी पाझर तलावाच्या कामावर गेलो. माती वाहणाऱ्या बायकांशी बोलायचा मला फार संकोच. त्या भाकरी खायला बसल्या तेव्हा मी गुपचूप घमेली उलटीसुलटी करून पाहिली. लाल फाटली होती, निळी चेपली होती, हिरवी जवळजवळ नवी. मला इतका आनंद झाला की तिथेच बाभळीखाली बसून अहवाल लिहू लागलो.

टोळीतली सर्वांत वडील बाई भागिरथा. काय लिहिता म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. ती हसली.

“हिरवं नवंच राहीन नाई तं काय. कोनं उचललंच नाई.”

मग तिने समजावून सांगितलं. हिरव्याचा काठ वळवलेला नव्हता. चुंबळ घेतली तरी पत्रा डोक्यात रुते. सकाळी जी उशिरा येई तिच्या वाट्याला हिरवं. ते ती बांधाला पालथं घाली आणि मैत्रिणीच्या निळ्यावर दोघी पाळीपाळीने माती वाहत. निळी चेपली होती ती म्हणूनच.

“बाबू, तुमी घमेल्यायले इचारलं,” ती म्हणाली. “आमी तं इथंच होतो.”

घमेलं डोक्यावर घेऊन पाहा, असंही ती म्हणाली. मी लाजून नको म्हटलं.

कागद अर्धा लिहून झाला होता. खाली सही केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तो खिशात घालून मी नेमीचंदच्या दुकानात गेलो आणि जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं.

त्याने एवढंच विचारलं,

“तू डोक्यावर घेऊन पाह्यलं?”

“नाही.”

“मी बी नाई. बारा वर्सं घमेली इकून राह्यलो.”

त्याने टोपी काढली, एक घमेलं उतरवलं, त्यात तराजूची वजनं भरली आणि डोक्यावर घेऊन दारापर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा कपाळाच्या वर लाल रेघ उमटली होती. पानाबाई आतून पाहत होत्या. त्या हसू दाबत हळद घेऊन आल्या.

काम निळ्यावाल्याला गेलं. बाजारात भेटला तरी नेमीचंद महिनाभर माझ्याशी पुस्तकांबद्दल काही बोलला नाही. मीही दुकानाकडे फिरकलो नाही, तेवढं धैर्य नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा नमुने मागवले. नेमीचंदने लोहाराकडून काठ वळवून घेतले होते. पण त्याची दहा घमेली माझ्याकडे आलीच नाहीत. ती त्याने परस्पर भागिरथेकडे धाडली होती, आणि सोबत निरोप, की पंडिताला काही विचारू नका, त्याला फक्त लिहिता येतं.

मी लिहिलं. ती सांगत गेली तसं.