कधीच न चुकणारी गोफण

मित्रांनो, मी एक जुनी गोफण आहे. जुनी म्हणजे अडीच वर्षांची. हसू नका, मोबाइलवरच्या खेळात अडीच वर्षं म्हणजे माणसाची साठी. मला दोरी नाही, वजन नाही. मी नुसते आकडे आहे: दगडाचा वेग, नेम, दुसरा दगड चढवायला लागणारा वेळ. खऱ्या गोफणीला माणसाचा हात लागतो तेव्हा तिला काय वाटत असेल, याचं मला पहिल्यापासून भारी कुतूहल.

माझा जन्म नाशिकला, कॉलेज रोडवरच्या एका तिसऱ्या मजल्यावर झाला. चार जणांची कंपनी. त्यांच्या खेळात पाच-पाच गड्यांचे दोन संघ एका बुरुजासाठी झुंजतात. भाले, धनुष्यं आधीपासून होती. त्या चौघांतली संजना म्हणाली, गोफण हवीच. तिची आई शकुबाई दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जाते आणि माल पिकला, की पाखरं हाकायला बागवाले तिलाच बोलावतात. संजनाने एकदा आईला मोबाइलसमोर उभं केलं, दूरच्या खांबावर पत्र्याचा डबा ठेवला आणि दगड मारायला लावले. चाळीस दगड, चाळीस वेळा डबा वाजला. पुढचा दगड तर तळहातात तयारच असायचा. ते आकडे संजनाने जसेच्या तसे माझ्यात भरले. आईचा तिला फार अभिमान वाटला होता.

खेळाडूंनी मला डोक्यावर घेतलं. पडद्यावर बोट टेकवलं की दगड सुटायचा आणि सुटला की लागायचाच. खरं सांगते, मी चढून गेले. गंज चढला की खाज सुटते का हो, असं भाल्यांना विचारायलाही मी कमी केलं नाही. महिन्याभरात दहाच्या दहा गडी मलाच घेऊन उतरू लागले. मग तक्रारी सुरू झाल्या. 'गोफण ओपी आहे.' खेळाडूंच्या भाषेत ओपी म्हणजे नको इतकी ताकदवान. लोक खेळ सोडून जाऊ लागले. मला काही कळेना. न चुकणं हा गुन्हा कधीपासून झाला?

खेळातला समतोल सांभाळायचं काम सोमनाथकडे होतं. तो संजनाला म्हणाला, "दोन आठवड्यांनी रविवारी स्पर्धा आहे. तोपर्यंत गोफण कमजोर कर, नाहीतर मी ती काढून टाकतो."

"कशी करू? एकही आकडा खोटा नाहीये, सोमनाथ. आईचे आहेत ते."

मला कमी करणं म्हणजे आईला उणं करणं, असं तिला वाटत होतं. आणि मी घाबरले होते. मोडकी वस्तू निदान अडगळीत पडून राहते. मला काढलं असतं, तर माझं काहीच उरलं नसतं.

दोन दिवसांनी शकुबाई कामासाठी शहरात आली आणि लेकीला भेटायला ऑफिसात डोकावली. सगळ्यांना जयभीम करून ती खुर्चीच्या कडेवर बसली. संजनाने खेळ तिच्या हातात दिला. शकुबाईने बोट टेकवलं, दगड लागला. पुन्हा टेकवलं, पुन्हा लागला.

"हे कोण मारतंय?" तिने विचारलं.

"तूच, आई. तुझाच नेम आहे."

"मी कुठं? मी तं नुसतं बोट ठिवलं." तिने मोबाइल खाली ठेवला. "मला तीस वर्षं लागली, संजू. पहिल्या साली दगड माझ्याच पाठीत बसायचे, बाया लय हसायच्या. अन् तू माझा हात सगळ्यांना फुकट वाटला व्हय?"

संजना हळूच म्हणाली, "मग काय करू? नेम कमी करू?"

"नेम गोफणीत ऱ्हातो व्हय? दोरी कवा सोडायची ते ज्याचं त्याला ठरवू दे."

मित्रांनो, मी ज्याचा तोरा मिरवत होते, ते माझं नव्हतंच. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

संजनाने दगडाचा वेग तसाच ठेवला. फक्त दोरी सोडण्याचा क्षण खेळाडूच्या हाती दिला. घाई केली तर दगड आभाळात, उशीर झाला तर स्वतःच्याच पाठीत. झालं! डोक्यावर घेणाऱ्यांनीच मला शिव्या घातल्या. आठवडाभर मला जवळजवळ कोणी शिवलं नाही. सोमनाथ म्हणाला, "स्पर्धेत एकानेही घेतली नाही, तर ठेवून काय उपयोग?"

रविवारी सोळा संघ उतरले. मला घेतलं फक्त विंचूरच्या वेदिकाने. ही कॉलेजातली मुलगी आठवडाभर एकटीच सराव करत होती म्हणे. तिचा पहिला दगड आभाळात गेला. दुसरा तिच्याच पाठीत बसला आणि बघणारे खो खो हसले. तिसऱ्या दगडाआधी ती थांबली. पूर्वी कोणाला थांबावंच लागत नसे, त्यामुळे हे थांबणं मला नवीन होतं. मग तिने दोरी सोडली आणि बुरुजावरचा गडी खाली आला.

वेदिकाचा संघ हरला. संध्याकाळी तिने कंपनीला लिहिलं, "आम्ही हरलो. पण तो तिसरा दगड माझा होता. गोफण काढू नका." सोमनाथने ते दोनदा वाचलं आणि मला राहू दिलं.

आजही मला घेणारे थोडेच आहेत. मित्रांनो, हातातली वस्तू जपा, पण तिच्या जिवावर उड्या मारू नका. जिंकलात, की एकदा स्वतःला विचारा, दगड कोणी मारला? 'मी' असं उत्तर येईपर्यंत खुशाल चुका. मी थांबायला तयार आहे.