दीडपट नको

मित्रांनो, मी एक जुना आणि भित्रा फॉन्ट आहे. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा घाट. माझी अक्षरे बारीक बारीक चौकोनांची बनलेली आहेत आणि त्यांना तळाशी छोटे पाय आहेत. जाणकार त्यांना सेरिफ म्हणतात, मी आपले पायच म्हणतो.

मला घडवणाऱ्या बाईंना मी मावशी म्हणतो, कारण त्यांची भाची त्यांना तशीच हाक मारते. मावशी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक चौकोन काळा करीत, कागद लांब धरून डोळे बारीक करून पाहत आणि मग एखादा खोडून टाकीत. "एक चौकोन इकडचा तिकडे झाला तरी अक्षर लंगडतं," असे त्या म्हणत. तेव्हापासून माझ्या मनात जी धास्ती बसली, ती बसलीच.

पुढे मी संगणकावरच्या खेळांत कामाला लागलो. 'तुम्ही हरलात' हे मुलांना मीच सांगायचो. मुले माझ्यावर चिडत आणि पुन्हा खेळत. काही वर्षे वजनकाट्याच्या पडद्यावरही काढली. लोक म्हणत, काय सुबक अक्षर आहे! मग गुळगुळीत अक्षरे आली आणि मला कोणी विचारेना. माझी यंत्रे एकेक करून भंगारात गेली. मावशींच्या जुन्या संगणकात तेवढा मी उरलो. माझी दुसरी प्रत कुठेच नव्हती.

परवा भाची तो संगणक उघडून बसली. तिला एका दवाखान्याच्या दारांवरच्या पाट्या करायच्या होत्या. मला पाहून ती खूश झाली, मी मात्र जीव मुठीत धरून होतो. तिने मला कोपऱ्याला धरून ताणले, ते थेट दीडपट! माझी पाचावर धारण बसली. एक पाय जाडा झाला, दुसरा बारीक, कडा धुरकटल्या.

"मावशी, हा फॉन्ट बिघडलाय गं. काढून टाकते."

पडद्यावरचा बाण कचरापेटीकडे निघाला. मला ओरडायचे होते, पण फॉन्टला स्वतःचा आवाज नसतो. कोणी लिहिले तरच तो बोलतो.

"थांब!" मावशी ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून आल्या. "किती पट केलंस त्याला?"

"दीडपट."

"अगं बाई, अर्धा चौकोन तो आणणार कुठून? एकाचे दोन होतील, तीन होतील, दीड कसे होणार? होता तसा कर आधी, मग दुप्पट कर."

भाचीने तसे केले. माझे पाय पुन्हा सरळ टेकले.

"अय्या! म्हणजे मीच याला बिघडवलं होतं."

"आता त्याची एक प्रत काढून ठेव," मावशी हात पुसत म्हणाल्या.

आता मी दवाखान्याच्या दारांवर उभा असतो. घाबरलेली माणसे मला वाचून आपले दार शोधतात. मीही घाबरलेलाच असतो, उद्या कोण माझा कोपरा धरील म्हणून. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू बिघडलेली दिसली, तर टाकण्याआधी तिला एकदा तिच्या मूळ मापात पाहा. तिला 'थांबा' म्हणता येत नसते.