सहावा आयसोमर

तपासून दिलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा थोरल्या जाऊबाईंनी पुन्हा टेबलावर आणून आदळला, तेव्हाच धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. घरात शब्द थोरलीचा, आणि दोघी शिकवतात त्या कॉलेजात रसायनशास्त्राची विभागप्रमुखही थोरलीच. जाच तरी किती ठिकाणी सोसायचा माणसाने? हुकूम सरळ होता. ज्या मुलींनी पाच लिहिलेत त्यांचे गुण काप, सहा लिहिलेत त्यांना दे.

प्रश्न पहिल्या वर्षाचा, अगदी बाळबोध. सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजन या सूत्राचे आयसोमर किती, ते काढून नावे लिहा. सूत्र एकच, पण कार्बनची जोडणी वेगळी, म्हणजे आयसोमर. ते होतात पाच. कोणत्याही पुस्तकात बघा, पाच. पण या कॉलेजात मुली सहा लिहीत आल्या होत्या. सहाव्याचं नाव २-इथाइलब्युटेन. नाव ऐकायला झकास, पण साफ खोटं. नाव देताना सगळ्यात लांब साखळी आधी शोधायची असते, आणि इथे ती चारची नसून पाचची निघते. म्हणजे हा ३-मिथाइलपेंटेनच, जो यादीत आधीच येऊन गेलाय. जुनीच चादर वेगळी घडी घालून नवी म्हणून खपवलेली.

यंदा काही मुलींनी डोकं चालवून पाच लिहिले होते. प्रश्नाला गुण भरपूर. ते कापले तर त्यातल्या बऱ्याचजणी नापास होणार आणि पुढच्या वर्षी त्यांना विषय सोडावा लागणार. बरोबर लिहिलं म्हणून.

घोळाचं मूळ प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात होतं. तिथे लाकडी मणी आणि काड्यांचे सहा नमुने मांडलेले होते, मामंजींच्या हातचे. थोरलीच्या आधी विभाग मामंजींचा होता. मुली मणी पळवतात म्हणून त्यांनी एक एक सांधा डिंकाने पक्का चिकटवून टाकला. खऱ्या रेणूत तो सांधा गरगर फिरतो, पण चिकटवलेला नमुना कसा फिरणार? एक असाच वाकडा चिकटला, मामंजींनी त्याला सहावा समजून वेगळं नाव दिलं, आणि तेव्हापासून मुली रेणू काढत नव्हत्या, कपाट काढत होत्या. मामंजी आता निवृत्त होऊन घरी बसलेत, तरी रोज विचारतात, कपाट पुसलं का?

धाकटी गठ्ठा घेऊन तडक प्रयोगशाळेत गेली. थोरली परीक्षानळ्या मोजत होती. धाकटीने आधी नीट समजावलं. थोरली ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिली. मग म्हणाली, घरातली गोष्ट घरात राहू दे, म्हाताऱ्या माणसाचं नाव चव्हाट्यावर मांडू नकोस, आणि तू येऊन दिवस किती झाले?

झालं. धाकटीने कपाट उघडलं, सहावा नमुना काढला आणि दोन्ही हातांनी पिळला. डिंक कडकन सुटला. लोंबणारे दोन मणी वळून रांगेत आले आणि चाराची साखळी पाचाची झाली. तिसरा, ३-मिथाइलपेंटेनचा नमुना काढून तिने तो शेजारी ठेवला. दोन्हींत तसूभर फरक नव्हता.

"हे बघा," ती म्हणाली. "आता सांगा, ताई, कुठेय तुमचा सहावा?"

थोरलीने नमुन्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाहीच आहे तो. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"शिकत होते तेव्हापासून. मी याच वर्गात बसायचे. पाच लिहिले होते मी, मामंजींनी शून्य दिलं. पुढच्या परीक्षेत सहा लिहिले आणि पहिली आले." तिने हातातली नळी स्टँडला लावली. "त्यांनीच मग मला सून करून आणलं. हुशार मुलगी म्हणून."

धाकटीला वाटलं, आपल्याला दया यावी. ती आली नाही. आधी नुसती चीड होती, आता संताप आला. कुणाला ठाऊकच नसतं, तर हसून सोडून देता आलं असतं. ठाऊक असून ही बाई इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिली.

"आणि मुलींचे गुण कापताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"पहिल्या वर्षी वाटलं," थोरली म्हणाली.

धाकटीने खुर्ची ओढली, गठ्ठा सोडला, लाल पेन काढलं आणि सहा लिहिणाऱ्या पहिल्या मुलीच्या उत्तरात २-इथाइलब्युटेनवर काट मारली. मग पेन थोरलीपुढे धरलं.

"उरलेल्यांवर तुम्ही मारा, ताई. मी बघत बसते."

थोरलीने पदराला हात पुसले. मग तिने पेन घेतलं.