अमॉससाठी न वाजलेल्या घंटा

माझ्या भावाला आम्ही गुपचूप पुरलं. चोरीचा माल पुरावा तसं. हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. गोड शब्द त्या आठवड्यात फार झाले.

अमॉस एक्केचाळीस वर्षं आमच्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या होता. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. मी तिसऱ्या दोरावर. गावात कुणी गेलं की अमॉस मनोऱ्यात चढून प्रत्येक घंटेच्या लोळ्याला, म्हणजे आतल्या लोंबत्या टोल्याला, एका बाजूने चामड्याची गादी बांधायचा. मग एक ठोका खणखणीत पडतो आणि पुढचा दबका, लांबून कुणी ओ दिल्यासारखा. शवपेटी फाटकातून आत येईपर्यंत तसं वाजवत राहायचं. क्लेमंटच्या बापासाठी तर तो अंगात ताप असताना उभा राहिला होता.

हा क्लेमंट म्हणजे चर्चचा विश्वस्त. मनोऱ्याची किल्ली त्याच्या खिशात. पाद्री सात गावांना मिळून एक, तो प्रार्थनेपुरता येतो. बाकी सगळं क्लेमंट म्हणेल तसं. चर्चशेजारचं दगडी कॉटेजही त्याचंच. ‘हिवाळ्यात कुटुंबासह निवांत विश्रांती’ अशी जाहिरात करून तो ते शहरवाल्यांना देतो. तिथल्या चादरी बदलायचं आणि शेगडीची लाकडं पोचवायचं काम माझ्याकडे.

अमॉस गेला आणि पुढच्याच शनिवारी तिथे एक कुटुंब उतरलं. नवरा-बायको, दोन मुली. रविवारी आम्ही प्रार्थनेला पाचच घंटा वाजवल्या. सोमवारी क्लेमंट माझ्या स्वयंपाकघरात हजर.

“हेस्टर, ते गुरुवारच्या दफनाचं जरा बोलायचं होतं.”

“मग बोल की. का नुसता टोपी फिरवत उभा राहणारेस?”

“कॉटेजमधल्या मिस्टर लव्हेलनी काल विचारलं, घंटा किती वाजता वाजतात म्हणून.”

“मग?”

“मग काय! गेल्या वर्षीचं ते जोडपं आठव. त्यांनीही आधी असंच विचारलं, आणि मग जगाला कळवलं की इथे डोळ्याला डोळा लागत नाही. हे बिचारे विश्रांतीला आलेत गं. शनिवारी जातील. तोवर मनोऱ्याला कुलूप राहू दे. रविवारी अमॉससाठी हवं तेवढं वाजवू. त्याला काय फरक पडतोय आता?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या बापाला पडत होता का रे फरक, हे अगदी ओठांवर आलं. आणि मी म्हणाले काय? म्हणाले, “बरं, ठीक आहे. चहा घेणार?” आम्ही असलेच. छप्पर पेटलं तरी शेजाऱ्याला आधी ‘तसदी देते, माफ करा’ म्हणणार. बाकीच्या चौघांनी मला विचारलं. हेस्टरची हरकत नाही म्हटल्यावर त्यांचीही नव्हती.

गुरुवारी दोन वाजता अमॉसची पेटी फाटकातून आली. खडीवर बुटांचा आवाज, बस्स. लोक चालता चालता वर मनोऱ्याकडे बघत होते. म्हातारी डॉर्कस बहिरी, ती मोठ्यांदा म्हणाली, “मला ऐकू येत नाहीये, की वाजतच नाहीयेत?” आत भजनाला क्लेमंटचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

नंतर गावच्या सभागृहात चहा आणि हॅमची सँडविचेस. जो तो येऊन म्हणत होता, “छान झालं हो सगळं.” कप तसाच ठेवून मी उठले आणि तरातरा कॉटेजवर गेले. आज त्या लव्हेलला त्याच्या विश्रांतीसकट धुवून काढणार होते.

त्यानेच दार उघडलं. पायांत लोकरी मोजे, मागे सतरंजीवर बायको आणि मुली चित्राचे तुकडे जुळवत बसलेल्या.

“या ना, मिसेस प्रॉबर्ट! बरं झालं आलात. एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“घंटांना काही झालंय का? रविवारी मुलींना इतक्या आवडल्या! म्हणून मी मुद्दाम त्या गृहस्थांना वेळ विचारली. बुधवारी सराव असतो म्हणाले. आम्ही तासभर थंडीत मनोऱ्याखाली उभे होतो. काहीच नाही.”

“मग परत विचारलं का नाही?”

“बरं दिसत नाही हो. आपण पाहुणे, कशाला नाक खुपसा?”

“दोर तुटला का?” धाकटीने विचारलं.

तिला रागावण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. “नाही गं,” मी म्हणाले, “आज माझ्या भावाला पुरलं. त्याच्यासाठी वाजणार होत्या. तुमची झोप मोडू नये म्हणून नाही वाजवल्या.”

लव्हेलचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, आम्हाला एका शब्दाने विचारलं असतंत तर...”

एका शब्दाने. क्लेमंटला शिव्या घालायला मला उरलेला जन्म पुरायचा नाही, आणि मी त्या घालणारच आहे. पण मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही सकाळी मीच त्यांच्या उंबऱ्यावर लाकडं ठेवून आले होते. आत दिवा लागलेला असायचा, मुली हसत असायच्या. आणि मी एकेक लाकूड अलगद ठेवायचे, आवाज होऊ नये म्हणून, आणि हळूच माघारी फिरायचे.