कौल देणारे यंत्र

राजूरच्या आठवडे बाजारात त्या दिवशी भाजीच्या पालांकडे कोणी फिरकत नव्हते. सारे लोक किरणानंद महाराजांच्या मांडवात लोटले होते. तेथे चौरंगावर, झेंडूच्या माळा ल्यालेले, तळहाताएवढे एक यंत्र विराजमान होते. समोर ठेवलेल्या चूर्णावर त्याचा प्रकाश पडे आणि मोबाईलवर वनस्पतीचे नाव उमटे.

"वनस्पती बोलते, भक्तहो!" महाराज गरजले. "शास्त्रज्ञांना नुसता प्रकाश दिसतो, आम्हांस त्यातला प्राण दिसतो. आमची मधुमेहावरची गुडमार अस्सल, हा यंत्राचा कौल! आता शुगरची सुई फेकून द्या!"

मी मागे उभा राहून जळत होतो. आमची वैद्यकी तीन पिढ्यांची. आज मात्र माझ्या ओसरीवर एक मांजर तेवढे झोपले होते. त्याहून झोंबले ते हे, की माझी धाकटी बहीण विमलबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. माझा काढा तिला कडू लागे. महाराजांची पुडी मात्र ती मस्तकी लावी. तिने इन्सुलिन सोडले होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली होती.

"विमल, घरी चल."

"दादा, तुला दुसऱ्याचं बघवत न्हाई," ती म्हणाली. "मला कौल मिळालाय."

मला बघवत नव्हते हे खरे होते, म्हणूनच अधिक लागले.

तिची मुलगी प्रज्ञा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ती माझ्या शेजारीच उभी होती. मी तिच्या कानाशी लागलो, "फोडून टाक ते यंत्र."

"मामा, यंत्राचा काय दोष?" असे म्हणत तिने शेजारच्या चहाच्या चुलीपुढून चिमूटभर भुगा उचलला आणि पुडी करून पुढे केली. "महाराज, हेही तपासा."

"गुडमार! सत्त्याण्णव टक्के! उत्तम प्रत!" महाराजांनी मोबाईलवर वाचले.

"आवं, माझ्या चुलीपुढची गोवरी हाय ती!" चहावाला जालिंदर ओरडला.

मांडव हसला. महाराज डगमगले नाहीत. "गोमातेने गुडमार भक्षिली असेल!"

प्रज्ञाने जालिंदरची तंबाखू ठेवली. यंत्र म्हणाले, शतावरी.

"तंबाखूबी गायीनंच खाल्ली व्हय?" कोणी विचारले.

प्रज्ञा बोलू लागली. "प्रत्येक पदार्थ काही प्रकाश गिळतो, काही परत पाठवतो. परतलेला प्रकाश हे यंत्र शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं. याला मोजक्याच वनस्पती शिकवल्यात. काहीही समोर ठेवा, त्यांतलंच एक नाव ते सांगणार. 'ठाऊक नाही' म्हणायला याला शिकवलेलंच नाही."

देवळात कौल लावणाऱ्या बनुबाई उठल्या. "आमच्या देवाचं फूल कदी कदी पडतच न्हाई. मंग आमी गप घरी जातो. ह्यो डबा तर गपच बसंना!"

विमलबाई चाचरली. "पण माझी पुडी खरी गुडमार असंल तर?"

"असेलही, आई. वनस्पतीचं नाव खरं ठरलं, म्हणून ती इन्सुलिनची जागा घेत नाही. मामांचा काढाही नाही."

विमल उठताना झोकांडली. मी हात पुढे केला. तिने प्रज्ञाचा धरला. दवाखान्यात तिला तत्काळ दाखल करून घेतले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. येणारेजाणारे प्रज्ञाचीच चौकशी करत होते आणि माझे मन पुन्हा जळत होते. सायंकाळी विमलने डोळे उघडून पाणी मागितले, तेव्हा ते निवले.

सुज्ञहो, समोर महाराज असो, यंत्र असो वा माझ्यासारखा वैद्य, त्याला एवढेच विचारा: "तुम्हांला काय ठाऊक नाही?" ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याच्या हाती आपल्या माणसाचा प्राण देऊ नका.